ॲक्टिनाइडचा दिव्यांचा फळा: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि डिसेंबरच्या मध्यावर तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे. बारावीला 'डी आणि एफ खंडातील मूलद्रव्ये' शिकवताना दरवर्षी एकाच जागी गाडी अडते. लँथनाइडपर्यंत (अणुअंक ५७ ते ७१) मुलं कशीबशी येतात, ॲक्टिनाइड (८९ ते १०३, पंधरा मूलद्रव्यं) आले की वह्या मिटतात आणि पाठांतर सुरू होतं. म्हणून यंदा फळा करायचा ठरवलं. मूलद्रव्य निवडलं की रेडॉनच्या गाभ्याबाहेर (म्हणजे आतले ८६ सोडून) त्याचे जितके इलेक्ट्रॉन आहेत, तितके दिवे आपापल्या उपकवचात, म्हणजे ५एफ, ६डी अशा इलेक्ट्रॉनांच्या गटात लागतील.

हिशोब केला. ५एफला १४ जागा, ६डीला १०, ७एसला २, ७पीला ६. एकूण ३२ दिवे. ७पी कशाला, असं मलाच वाटलं होतं, पण जागा ठेवली. पुढे तिच्यामुळेच वाचले.

(५एफमध्ये तीन इलेक्ट्रॉन, हे या नोंदींत मी '५एफ ३' असं लिहीन. फळ्यावर तो ३ लहान होऊन डोक्यावर बसतो, इथे शेजारी.)

११ नोव्हेंबर, सोमवार

चौकातल्या मंडळाकडे गणपतीच्या सजावटीतली पिक्सेल दिव्यांची एक नवी कोरी माळ उरली होती. ५० दिवे, ५ व्होल्ट, प्रत्येकाच्या बुडात स्वतःची डब्ल्यूएस २८११ चिप. म्हणजे प्रत्येक दिव्याला वेगळी वायर ओढायची गरज नाही, एकाच डेटा वायरवर सगळे चालतात. ४५० रुपयांना दिली.

५० मधून ३२ गेले की १८ उरतात. त्यातले १५ मूलद्रव्यांच्या नावांमागे, म्हणजे उरले ३. हे गणित इतकं चोख बसलं की मला उगाच शंका आली.

आजच्या तारखेची एक गंमत वर्गात सांगितली. १९४५ साली ११ नोव्हेंबरलाच रसायनशास्त्रज्ञ ग्लेन सीबोर्ग अमेरिकेत मुलांच्या रेडिओ कार्यक्रमात पाहुणे म्हणून गेले होते. एका मुलाने विचारलं, नवीन मूलद्रव्यं सापडली का? आणि त्यांनी ९५ आणि ९६ ची बातमी तिथेच फोडली. अमेरिशियम आणि क्युरियम.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी होती. दिवसभर फळ्यावर, आणि दिवसभर वाया.

सुतारकाकांनी १२ मिलिमीटरच्या प्लायला ३२ भोकं पाडून दिली. प्लाय ३५० रुपये, मजुरी २००. घरी आणून दिवे बसवायला गेले तर एकही अडकेना. या दिव्यांच्या मानेला जी खाच असते ती पातळ पत्र्यासाठी असते. जाड प्लायमध्ये दिवा आत बुडतो आणि समोरून नुसता अंधार दिसतो. आधी एक भोक पाडून एक दिवा घालून बघायला हवा होता. तेवढं सुचलं नाही.

उपाय: दिव्यांसाठी ३ मिलिमीटरचा सनबोर्ड (१८० रुपये), प्लाय मागच्या पेटीला. सनबोर्डाला ड्रिल लावू नका, कडा फाटतात. मी जुन्या स्टीलच्या नळीचा तुकडा तापवून भोकं पाडली. वास दोन दिवस घरात होता.

प्रत्येक कक्षकासाठी (म्हणजे उपकवचातल्या दोन इलेक्ट्रॉनांच्या जागेसाठी) एक चौकट आणि चौकटीत दोन भोकं: ५एफच्या सात चौकटी, ६डीच्या पाच, ७एसची एक, ७पीच्या तीन.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

निवडणुकीची ड्युटी. काल मतदान झालं, पेट्या जमा करून घरी यायला रात्र झाली. प्रशिक्षण, साहित्यवाटप, मतदान मिळून फळ्याचे चार दिवस गेले. नोंद एवढ्यासाठीच की वेळापत्रक करताना असले दिवस आधीच वजा करा.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा दिवे लावले. बारावीचा एक विद्यार्थी मदतीला आला, त्याला आर्डुइनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड) चांगला येतो. नॅनो बोर्ड २८० रुपयांना पुण्याहून, बुधवार पेठेतून आणवला.

पहिली चूक: लाल मागितला तर हिरवा लागला. तासभर वायरी तपासल्या, दोष वायरींत नव्हताच. या माळेचा रंगक्रम लाल-हिरवा-निळा आहे आणि आम्ही प्रोग्रॅममध्ये हिरवा-लाल-निळा लिहिला होता. एक शब्द बदलला, सुटलं.

दुसरी चूक जास्त महागात पडली असती. सगळे दिवे चालतात का बघायला पन्नासही पांढरे लावले, तेही लॅपटॉपच्या यूएसबीवरून. एक दिवा पूर्ण पांढरा लागला की ६० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे ५० दिव्यांना ३ अँपिअर. यूएसबीची तेवढी ताकद नसते. नॅनो सारखा बंद-चालू होत राहिला आणि लॅपटॉपने तो पोर्टच बंद केला. नशिबाने नंतर पुन्हा सुरू झाला. आता ५ व्होल्ट ३ अँपिअरचा ॲडॉप्टर घेतला (३२० रुपये), त्याच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डेटा वायरीत ३३० ओहमचा रोधक. ॲडॉप्टरची ऋण वायर आणि नॅनोची ऋण वायर जोडायला विसरू नका. आम्ही विसरलो आणि दिवे भुताटकीसारखे लुकलुकत बसले.

मूलद्रव्य निवडायला रोटरी स्विच आणला होता, ९० रुपये. त्याला १२ खाचा, मला हव्यात १५. दुकानात मोजल्याच नाहीत. त्याऐवजी फिरता एन्कोडर, ६० रुपये. तो एका खटक्याला दोन-दोन घरं पुढे जायचा, युरेनियमवरून थेट प्लुटोनियमवर. मुलाने प्रोग्रॅममध्ये चार स्पंदनांना एक पाऊल धरलं आणि तो शहाण्यासारखा चालू लागला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आजचा दिवस या सगळ्या प्रकल्पाचा कणा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रोग्रॅम लिहिताना आम्ही वर्गात शिकवतो तोच नियम घातला: आधी ७एस, मग ५एफ, मग ६डी, मग ७पी. अणुअंक एकने वाढला की रांगेतला पुढचा दिवा लागायचा. दहा ओळींचा प्रोग्रॅम, दिसायला सुरेख.

मग पाठ्यपुस्तकातला तक्ता शेजारी ठेवून एकेक मूलद्रव्य तपासलं. पंधरापैकी सहा चुकले. ॲक्टिनियम, थोरियम, प्रोटॅक्टिनियम, युरेनियम, नेप्च्युनियम, क्युरियम. सहा! मी हा धडा किती वर्षं शिकवते आहे, 'काही अपवाद वगळता' असं दर वर्षी म्हणते, पण ते काही म्हणजे पंधरात सहा आहेत हे कधी मोजलं नव्हतं. लँथनाइडमध्ये हाच नियम लावला तर तिघेच चुकतात: लँथनम, सेरियम, गॅडोलिनियम.

मुलाला आधी वाटलं प्रोग्रॅममध्ये किडा आहे. त्याने एक तास शोधला. किडा नियमात होता.

नियमाचं म्हणणं असं की मुख्य क्रमांक (५एफमधला ५) आणि उपकवचाचा अंक (एसचा ०, पीचा १, डीचा २, एफचा ३) यांची बेरीज करा, जिची कमी ते आधी भरतं. ७एसची बेरीज ७. ५एफची ५ अधिक ३, आठ. ६डीची ६ अधिक २, आठ. ७पीची ७ अधिक १, पुन्हा आठ. तिघांची बेरीज सारखी, म्हणून लहान क्रमांकाला पहिला मान. हा झाला कागदावरचा निकाल. प्रत्यक्षात या मालिकेच्या सुरुवातीला ५एफ आणि ६डी यांची ऊर्जा इतकी जवळ असते की आत आधीपासून किती इलेक्ट्रॉन बसलेत त्यावर पारडं फिरतं. थोरियममध्ये ५एफ अगदी रिकामं आणि ६डीमध्ये दोन. केंद्रकाचा भार वाढत जातो तसं ५एफ खाली खाली सरकतं आणि प्लुटोनियमपासून बाजी त्याच्याकडे जाते. क्युरियमला मात्र सात चौकटींत सात एकेकटे, अर्धं भरलेलं ५एफ मोडायचं नसतं, म्हणून आठवा जातो ६डीमध्ये.

नियम दुरुस्त करायचा म्हणून आम्ही अपवादांचे 'जर-तर' लिहायला घेतले. चौथ्या 'जर'ला मीच थांबवलं. कारण बिघाड मुळात होता: आमचा प्रोग्रॅम फक्त नवा दिवा लावू शकत होता, आणि ॲक्टिनाइडमध्ये तीन ठिकाणी लागलेला दिवा विझतो. थोरियमकडून प्रोटॅक्टिनियमकडे जाताना ६डीचे दोनाचे एक होतात आणि ५एफ शून्यावरून थेट दोनवर. नेप्च्युनियमकडून प्लुटोनियमकडे ६डीचा उरलेला विझतो, ५एफ चारावरून सहावर. क्युरियमकडून बर्केलियमकडे पुन्हा तेच, सातावरून नऊवर. इलेक्ट्रॉन वाढला एकच, पण फळ्यावर तीन दिव्यांची हालचाल.

त्यामुळे नियम काढून टाकला आणि सरळ तक्ता भरला. कुणाला उचलायचा असेल तर हा घ्या, क्रम ५एफ-६डी-७एस-७पी:

ॲक्टिनियम ०-१-२-०, थोरियम ०-२-२-०, प्रोटॅक्टिनियम २-१-२-०, युरेनियम ३-१-२-०, नेप्च्युनियम ४-१-२-०, प्लुटोनियम ६-०-२-०, अमेरिशियम ७-०-२-०, क्युरियम ७-१-२-०, बर्केलियम ९-०-२-०, कॅलिफोर्नियम १०-०-२-०, आइन्स्टाइनियम ११-०-२-०, फर्मियम १२-०-२-०, मेंडेलेव्हियम १३-०-२-०, नोबेलियम १४-०-२-०. लॉरेन्सियमचं ३ डिसेंबरच्या नोंदीत.

३० नोव्हेंबर, शनिवार

टंकताना चुका होतात म्हणून पडताळा घातला: प्रत्येक ओळीची बेरीज अणुअंक वजा ८६ इतकी यायलाच हवी. ॲक्टिनियमची ३, लॉरेन्सियमची १७. आइन्स्टाइनियमला मी १० टंकले होते, पडताळ्याने लगेच पकडलं.

पण क्युरियमला ८-०-२-० टंकलं गेलं होतं. त्याचीही बेरीज १०, त्यामुळे पडताळा खूश. लॅबमधल्या मामांनी पकडलं! ते नुसते खुंटी फिरवत बसले होते. म्हणाले, "मॅडम, काल इथं पिवळा लागत होता, आज नाही." पिवळा म्हणजे आमचा ६डी.

आणखी एक दुरुस्ती. ५एफचे दिवे जोडीजोडीने भरत होते, पहिल्या चौकटीत दोन, मग दुसरीत. हुंडचा नियम घालायचाच राहिला होता. आता पहिले सात एकेका चौकटीत एकटे बसतात, आठव्यापासून जोड्या. अमेरिशियम निवडलं की सातही चौकटींत एकेक निळा दिवा सरळ रेषेत दिसतो, आणि अर्धं भरलेलं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

नावांचं आणि संरूपणांचं (कुठल्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन) व्हिनाइल छापून आणलं, २४० रुपये. चिकटवूनही टाकलं. संध्याकाळी फोटो गटावर टाकला. माझी एक जुनी विद्यार्थिनी रसायनशास्त्रात पीएचडी करते, तिचा फोन आला. "मॅडम, लॉरेन्सियमला ६डी १ लिहिलंय, पण तो ७पीमध्ये जातो असं आता धरतात."

मी पुस्तकातलं लिहिलं होतं, ५एफ १४, ६डी १, ७एस २. तिने पाठवलेलं वाचलं. इतक्या जड अणूत आतले इलेक्ट्रॉन प्रचंड वेगात असतात, सापेक्षतेचा परिणाम होऊन ७एस आणि ७पीची एक शाखा आत ओढली जाते. गणितं शेवटचा इलेक्ट्रॉन ७पीमध्ये दाखवतात. २०१५ साली जपानच्या तोकाई इथे लॉरेन्सियमची पहिली आयनीभवन ऊर्जा मोजली, ४.९६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आली, सगळ्या ॲक्टिनाइडमध्ये सर्वांत कमी. कॅलिफोर्नियमवर बोरॉनचा मारा करून एकेक अणू तयार करायचा, तोही लॉरेन्सियम-२५६, अर्धायुष्य २७ सेकंद. या मापनात इलेक्ट्रॉन कुठे बसलाय ते थेट दिसत नाही, पण ७पी धरून केलेल्या गणिताशी आकडा जुळतो.

आता पंचाईत अशी की बोर्डाच्या पेपरात मुलाने ७पी लिहिलं आणि तपासणाऱ्याच्या हातात जुना तक्ता असला तर गुण जातील. मी फळ्यावर ७पी लावलं (१४-०-२-१) आणि उरलेल्या तीन दिव्यांतला एक 'प्रश्नचिन्हा'मागे बसवला. लॉरेन्सियम आलं की तो मंद लुकलुकतो. मुलांना सांगितलं, पेपरात पुस्तकातलं लिहा, फळ्यावर हे बघा. हे सांगताना बरं वाटलं नाही.

व्हिनाइल पुन्हा छापलं. आणखी २४०.

७ डिसेंबर, शनिवार

आयनांचं, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंचं बटण. साधा विचार होता: '३+' दाबलं की तीन दिवे विझवायचे, '४+' दाबलं की चार.

मुलाने शेवटी लागलेला दिवा आधी विझवला. युरेनियमवर ४+ दाबलं तर ६डीचा गेला, ५एफचे तिन्ही गेले आणि ७एसचे दोन तसेच उजळ. म्हणजे यू ४+ चं संरूपण ७एस २! खरं उत्तर ५एफ २. गंमत बाजूला, पेपरात हे उत्तर मी दरवर्षी वाचते, आणि मुलं ते नेमकं याच रस्त्याने काढतात हे आज कळलं. जो शेवटी आला तो आधी जातो, असं त्यांना वाटतं.

विझवायचा क्रम बदलला: ७पी, ७एस, ६डी, सगळ्यात शेवटी ५एफ. मग तपासलं. यू ४+ ला ५एफ २, बरोबर. प्लुटोनियम ३+ ला ५एफ ५, बरोबर. क्युरियम ३+ आणि बर्केलियम ४+, दोघांनाही ५एफ ७, बरोबर. बर्केलियमला ४+ स्थिती का मानवते ते मुलांना इथे आपोआप दिसतं.

ॲक्टिनियमवर ४+ दाबलं आणि नॅनो गोठला. बाहेर इलेक्ट्रॉन तीनच, चौथा दिवा कुठून विझवणार? प्रोग्रॅम नसलेला दिवा शोधायला गेला. ४+ आता थोरियमपासून कॅलिफोर्नियमपर्यंतच चालतं, पुढे-मागे दाबलं तर काहीच होत नाही. नोबेलियमला पाण्यात २+ जास्त पसंत, ५एफ १४ भरलेलं राहतं म्हणून, पण त्याच्या बटणासाठी दिवा शिल्लक नाही.

८ डिसेंबर, रविवार

काल बरोबर झालं असं वाटलं होतं. थोरियम ३+ तपासायचं राहिलं होतं.

थोरियम ६डी २, ७एस २. क्रमाने तीन विझवले की ६डीमध्ये एक उरतो. पण एकट्या, वायुरूप थोरियम ३+ आयनाचं मूळ स्थितीतलं संरूपण ५एफ १ आहे. उदासीन अणूत ५एफमध्ये एकही नव्हता आणि तीन काढल्यावर मागे राहिलेला तिथे जाऊन बसला. भार वाढला की ५एफ ६डीपेक्षा खाली जातं, एवढंच कारण. पण माझ्या विझवायच्या प्रोग्रॅमला दिवा हलवता येत नव्हता. म्हणजे २७ नोव्हेंबरची चूक मी उलट्या बाजूने पुन्हा केली.

शेवटी आयनांचा वेगळा तक्ता भरला. ३+ च्या पंधरा ओळी, ४+ च्या नऊ. पूर्ण रविवार. हेच पहिल्या दिवशी केलं असतं तर दोन शनिवार वाचले असते.

थोरियमच्या नावाखाली खरी गॅसबत्तीची जाळी लावायची हौस होती. जुन्या जाळ्यांत थोरियमचा ऑक्साइड असायचा, सोबत थोडा सेरियमचा, म्हणून तो पांढरा शुभ्र उजेड. मंडपवाल्यांच्या अडगळीत एक जुनी मिळालीही. पण हात लावला की तिची राख होते, आणि ती किरणोत्सारी धूळ पोरांच्या नाकात जायला नको. चित्र काढलं.

१४ डिसेंबर, शनिवार

प्रदर्शन. सकाळी उघडलं तर माळेतला नववा दिवा मेला होता, त्याच्या पुढचे सगळे अंधारात. एक गेला की डेटा पुढे जात नाही. शेवटचा, पन्नासावा दिवा कापून तिथे डाखला. तो प्रश्नचिन्हाचा होता, त्यामुळे लॉरेन्सियम आज निःशंक होतं.

परीक्षकांनी नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं, "हे चुकलंय, ६डी १ हवं." मुलाने २०१५ च्या मापनाचं सांगितलं. ते ऐकून घेऊन पुढे गेले. नंबर आला नाही.

मागच्या बाजूला सीबोर्गची हकीकत लावली होती, ती मात्र लोकांनी उभं राहून वाचली. १९४४ पर्यंत आवर्तसारणीत थोरियम हाफ्नियमच्या खाली आणि युरेनियम टंगस्टनच्या खाली मांडत. त्याच समजुतीने ९५ आणि ९६ क्रमांकाची मूलद्रव्यं ६+ स्थितीत वेगळी करायचे प्रयत्न झाले, ते फसले. ती लँथनाइडसारखी ३+ धरतील असं मानून शोधल्यावर सापडली.

आठवीतला एक मुलगा जेवणाच्या सुट्टीत येऊन खुंटी नेप्च्युनियम-प्लुटोनियम, नेप्च्युनियम-प्लुटोनियम अशी पुढे-मागे करत उभा होता. मी विचारलं काय बघतोस. "हा पिवळा कुठं जातो?" म्हणाला. मी त्याला पुन्हा फिरवायला लावलं, निळे मोजायला सांगितलं. चार. सहा. "एक नवा आला, आणि तो तिकडं गेला?" मी हो म्हटलं. मग त्याने क्युरियमवर जाऊन स्वतःच बघितलं.

१६ डिसेंबर, सोमवार

खर्च: माळ ४५०, नॅनो २८०, एन्कोडर ६०, न वापरलेला रोटरी स्विच ९०, प्लाय ३५०, सुतारकाम २००, सनबोर्ड १८०, ॲडॉप्टर ३२०, व्हिनाइल दोनदा मिळून ४८०, वायरी आणि सुटे भाग ७०. एकूण २४८०. निव्वळ वाया गेलेले ३३०, सुतारकामाचे २०० वेगळे धरले तर ५३०.

फळा आता लॅबच्या भिंतीवर आहे. प्रश्नचिन्हामागे दिवा बसवायचा राहिलाय, सुटा पिक्सेल कुठे मिळत नाही, पन्नासाचीच माळ घ्यावी लागते. मामा म्हणतात पुढच्या गणपतीपर्यंत थांबा.